पोलीस आणि लष्करातले श्वान: शेफर्ड, मॅलिनॉइस, लॅब्रॅडॉर, डॉबरमन की आपला कारवान?

तिठा

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो जुना फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलाय. जर्मन शेफर्डला जे काम करायला ९० सेकंद लागतात ते मुधोळ हाउंड (म्हणजे आपला कारवानच) ४० सेकंदांत करतो, म्हणून एसपीजीनं त्याला पंतप्रधानांच्या सुरक्षेसाठी निवडलं. खाली अंगठे आणि तिरंगे. कुठलं काम, कुणी मोजलं, किती कुत्र्यांवर मोजलं, असं विचारलं तर एका काकांनी "तुम्हाला आपलं काहीच चांगलं दिसत नाही" असं ऐकवलं. म्हटलं, इथे विचारावं. इथे निदान भांडण तरी मुद्द्यावर होतं. (कधीकधी.)

एसपीजीनं २०२२ मध्ये बागलकोट जिल्ह्यातल्या तिम्मापूरच्या श्वान संशोधन केंद्रातून मुधोळची पिल्लं नेली हे खरं आहे. त्याआधी सैन्याच्या मेरठच्या आरव्हीसी (पशुवैद्यकीय दल) केंद्रानं नेली होती. २०२१ मध्ये हवाई दलानं आग्र्याला नेली, धावपट्टीवरचे पक्षी हाकलायला. ते ९० आणि ४० मात्र घशाखाली उतरत नाही. पळायचं काम असेल तर ४० कशाला, शेफर्ड वळेपर्यंत कारवान पलीकडच्या शिवारात पोचलेला असेल. वास घ्यायचं असेल तर सेकंद मोजण्यात अर्थच नाही.

माझी समजूत अशी की खात्यात कुत्र्याला एकच काम नसतं, ‘ट्रेड’ असतात. गुन्ह्याच्या जागेवरून माग काढणारा ट्रॅकर वेगळा, स्फोटकं किंवा गांजा हुंगणारा स्निफर वेगळा, दहशतवादी लपलेल्या घरात जवानांच्या आधी शिरणारा असॉल्ट डॉग वेगळा, ढिगाऱ्याखालचा माणूस शोधणारा आणखी वेगळा. त्यामुळे जात विचारायच्या आधी ट्रेड विचारायला हवा.

तरीही जाती म्हणून बघायचं तर: जर्मन शेफर्ड हा मुळात कामासाठीच घडवलेला. माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या कप्तानानं १८९९ मध्ये होरांड नावाचा एक मेंढपाळी कुत्रा विकत घेतला आणि त्याच्यापासून जात बांधली. दिसण्यापेक्षा उपयोग महत्त्वाचा, असा त्याचा हट्ट होता. पुढे डॉग शोवाल्यांनी त्याची पाठ उतरती करून टाकली, तो भाग वेगळा. बेल्जियन मॅलिनॉइस हलका, चपळ आणि वेडा. अबोटाबादला २ मे २०११ रोजी लादेनच्या घरावर अमेरिकेच्या सील कमांडोंबरोबर गेलेला कैरो याच जातीचा, २०१९ मध्ये आयसिसच्या बगदादीच्या मागे बोगद्यात गेलेला कोननही याच जातीचा. लॅब्रॅडॉर म्हटलं की आपल्याकडे जंजीर. डॉबरमनबद्दल एवढंच माहीत की जर्मनीतल्या आपोल्डा गावच्या एका करवसुली करणाऱ्या माणसानं तो स्वतःच्या संरक्षणासाठी तयार केला. गरज ओळखली होती गड्यानं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कोकमसार

वाचतेय. जंजीरबद्दल थोडं लिहा ना कुणीतरी, आमच्या पिढीला नुसतं नाव माहीत आहे.

हुर्डा

तिठाभाऊ, फॉरवर्डवर हसा, पण कारवानवर हसू नका. आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे आजोबांपासून कारवान आहेत. सध्या एक नर आणि एक पश्मी मादी, कानाला आणि शेपटीला झुपके असलेली.

हे कुत्रं कसं आहे ते सांगतो. दिवसभर बाजेखाली पडून राहणार, डोळासुद्धा उघडणार नाही. पाहुणा आला तर मान वर करून बघणार आणि परत झोपणार. पण लांब बांधावर काही हललं की उठलेलं दिसतच नाही, पळतानाच दिसतं. तुरीच्या ओळीतून असं जातं की वरचे शेंडे हलत नाहीत. उन्हाचं काही वाटत नाही, ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर राहतं, आजारी पडणं माहीत नाही. मुधोळच्या घोरपडे राजांनी हीच जात जोपासली आणि पंचम जॉर्जला पिल्लं भेट दिली, ते सगळ्यांनी वाचलेलंच असेल. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यातही मुधोळ आहे.

आता खोट. हाक मारली की येईलच असं नाही. आपण काय म्हणतोय ते त्याला कळतं, पण करायचं का नाही हे तो ठरवतो. एकदा ओरडलात तर दोन दिवस तोंड फिरवून बसेल. आणि कातडी इतकी पातळ की काटेरी तारेतून गेला की टाके ठरलेले.

भीमथडी

इंग्रज गेले पण शेफर्ड-लॅब ठेवून गेले. देशी जातींना संधीच दिली नाही ७० वर्षं. आता दिली तर लगेच नाकं मुरडायला सुरुवात. हाय काय नाय काय.

जमादारकाका

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी पोलीस खात्यात डॉग हँडलर होतो, आधी गुन्हेशोधक, मग बॉम्बशोधक. आता निवृत्त. गावाचं नाव आणि कुत्र्याचं नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

पहिली गोष्ट, पिल्लू निवडताना आम्ही जात बघतच नव्हतो असं नाही, पण कागदावर विश्वास ठेवत नव्हतो. गुडघाभर गवतात चेंडू फेकायचा. पिल्लू धावतं. चेंडू दिसला नाही की बरीचशी पिल्लं तुमच्याकडे बघतात किंवा फुलपाखराच्या मागे जातात. ती बाजूला. जे नाक खाली घालून त्याच जागेभोवती गोल गोल फिरत राहतं, हाक मारली तरी येत नाही, दमलं तरी सोडत नाही, ते आपलं. मग त्याला गुळगुळीत फरशीवर चालवायचं, लोखंडी जिन्यावर न्यायचं, मागे पत्र्याचा डबा आपटायचा. दचकलं तर चालतं, सगळीच दचकतात. दचकून किती वेळात परत कामाला लागतं, ते बघायचं. एकाच विणीतल्या सहा पिल्लांत एखादं निघतं, कधी एकही नाही. आता सांगा, जात जात म्हणून काय करायचं?

जात उपयोगाची कुठे, तर असं पिल्लू मिळायची शक्यता कुठल्या घराण्यात जास्त, एवढं सांगण्यापुरती.

दुसरं, लॅब का? लोक म्हणतात त्याचं नाक सगळ्यांत भारी म्हणून. मला तसं वाटत नाही. शेफर्डचं नाक तसूभर कमी नाही. लॅब घेतात गर्दीसाठी. स्टेशनवर सकाळच्या गाडीला लोक अंगावर येतात, पोरं शेपटी ओढतात, कुणी डोक्यावर हात फिरवून जातो, आणि तो कुणाचं काही मनावर न घेता बॅगा हुंगत राहतो. शेफर्ड गर्दीत नेला की लोकच बाजूला होतात, बायका किंचाळतात, आणि कुत्रं लोकांकडे बघायला लागतं. नाक बॅगेवरून सुटलं की संपलं. शिवाय लॅब खादाड. ज्याला खायची हाव आहे त्याला शिकवणं सोपं. साहेब बदलला, हँडलर सुट्टीवर गेला, सहायक हँडलरबरोबर तितकंच काम करतो. शेफर्ड आणि डॉबरमन एकट्या माणसाचे असतात.

कोकमसार ताई, जंजीर मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला लॅब्रॅडॉर. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबई-ठाणे भागात जे शोधकाम झालं त्यात त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं आहेत. २००० मध्ये हाडांच्या कर्करोगानं गेला. सरकारी इतमामात निरोप दिला त्याला, फुलं वाहणाऱ्या अधिकाऱ्याचा फोटो अजून फिरतो. २६/११ ला काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर, हे चौघेही लॅबच.

कोकमसार

काका, ६०० डिटोनेटर असलेल्या जागेत कुत्रं पंजा मारत नाही का? आमचा बंटी बिस्किटाचा डबा दिसला की दार उकरतो.

जमादारकाका

म्हणूनच स्फोटकाच्या ट्रेडला पहिल्या दिवसापासून ‘बसणं’ शिकवतात. वास मिळाला की भुंकायचं नाही, पंजा नाही, तोंड लावायचं नाही. जागेवर बसायचं आणि वासाकडे नाक करून स्थिर राहायचं. मग मागून चेंडू येतो. कुत्र्याच्या डोक्यात बॉम्ब वगैरे काही नसतं, ‘या वासापाशी बसलं की चेंडू पडतो’ एवढंच असतं. नवीन असताना ते लबाडीही करतात. कंटाळा आला की कुठेही बसतात आणि तुमच्या हाताकडे बघतात. तेव्हा चेंडू देऊन चालत नाही, एकदा दिलात तर पुढचे सहा महिने फुकट.

स्निफरला साधारण सहा महिने प्रशिक्षण, ट्रॅकरला नऊ. ट्रॅकर जास्त कठीण. तिथे एक ठरावीक वास नसतो, रोज नवा माणूस, नवी वाट.

मिश्कीलराव

आणि नऊ महिने शिकून शेवटी ‘श्वान डांबरी रस्त्यापर्यंत माग काढून घुटमळले.’ लहानपणापासून हे वाक्य वाचतोय. एकदा तरी ‘श्वान आरोपीच्या घरात शिरून चहा पिऊन आले’ असं छापा की.

जमादारकाका

हसा. पण तो डांबरी रस्त्यावर घुटमळला याचा अर्थ आरोपी तिथे गाडीवर बसला. म्हणजे कुणीतरी गाडी घेऊन थांबलं होतं किंवा गाडी आधीच लावून ठेवली होती. त्या टपरीवाल्याला विचारायचं, सीसीटीव्ही बघायचा. तपासाला दिशा मिळते ना. शिवाय आम्ही पोचेपर्यंत त्या खोलीत पोलीस पाटील, सरपंच, शेजारी, चुलते, दोन पत्रकार सगळे जाऊन आलेले असतात. कुत्र्याला वास द्यायचा तरी कुणाचा? रात्रीत पाऊस पडला असेल तर मग बोलायलाच नको. सकाळी दव असताना, मातीच्या वाटेवर, चार-पाच तासांच्या आत बोलवा आणि मग बघा.

डॉबरमन पूर्वी याच कामाला असायचा. माझा पहिला कुत्रा डॉबरमन होता. बुद्धीनं सगळ्यांत तल्लख, पण नाजूक. थंडीत कुडकुडायचा, दुसऱ्यानं हात लावलेला चालायचा नाही.

ॲड. खटला_चालू

माग काढण्याच्या पुराव्याबद्दल थोडं कायद्याचं. यातला महत्त्वाचा निकाल आपल्याच राज्यातून गेला आहे: अब्दुल रझाक मुर्तझा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, एआयआर १९७० एससी २८३. रेल्वेगाडी घसरवल्याचं प्रकरण होतं, पोलिसांच्या कुत्र्यानं घटनास्थळावरून माग काढला होता. सर्वोच्च न्यायालयानं तीन अडचणी मांडल्या. कुत्रं साक्षीच्या पिंजऱ्यात येत नाही, त्यामुळे हँडलरनं सांगितलेलं ऐकावं लागतं आणि उलटतपासणी होत नाही. कुत्र्याच्या वागण्यातून आपण काढतो तो फक्त तर्क असतो. आणि माणसाचं आयुष्य व स्वातंत्र्य अशा तर्कावर टांगता येत नाही. २००१ च्या गडे लक्ष्मी मंगराजू निकालातही हीच भूमिका कायम राहिली. थोडक्यात, तपासाला कुत्रा चालतो, शिक्षेला तेवढ्यावर भागत नाही. मग ते शेफर्ड असो की कारवान.

पाटीपेन्सिल

जमादारकाकांच्या दोन मुद्द्यांवर अभ्यास झालेले आहेत.

पोलंडमध्ये १६४ पूर्ण प्रशिक्षित पोलीस कुत्र्यांवर अमली पदार्थ शोधण्याच्या चाचण्या घेतल्या, २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८७.७ टक्के वेळा कुत्र्यांनी दिलेली खूण बरोबर होती, ५.३ टक्के वेळा खोटी. जातींमध्ये जर्मन शेफर्ड लॅब्रॅडॉरपेक्षा सरस निघाले, टेरियर मागे पडले. म्हणजे काका म्हणतात तसं, लॅबची जागा फक्त नाकानं मिळवलेली नाही.

दुसरा मला जास्त आवडलेला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये १८ हँडलर-कुत्रा जोड्यांना एका चर्चमध्ये शोध घ्यायला लावला. हँडलरना सांगितलं की लाल कागद चिकटवलाय तिथे वास आहे. प्रत्यक्षात कुठेही काहीही ठेवलेलं नव्हतं. एकूण १४४ फेऱ्या झाल्या, त्यातल्या फक्त २१ फेऱ्यांत ‘काही नाही’ असं उत्तर आलं! बाकी सगळीकडे हँडलरनी ‘कुत्र्यानं खूण दिली’ असं सांगितलं, आणि सर्वांत जास्त खुणा लाल कागदापाशी. काही ठिकाणी कुत्र्यांना भुलवायला सॉसेज आणि टेनिसचे चेंडू लपवले होते, त्यापेक्षाही कागदाचा प्रभाव जास्त. कागद कुत्र्याला नाही, माणसाला दिसत होता.

जमादारकाका

हे अगदी खरं. लीशमधून सगळं खाली उतरतं. आपण एखाद्या बॅगेपाशी अर्धं पाऊल रेंगाळलो की कुत्र्याला कळतं, साहेबाला इथे काहीतरी हवंय. म्हणून सरावात वस्तू कुठे लपवली ते हँडलरला माहीत असता कामा नये. आमचे वस्ताद खोलीत येऊ द्यायचे नाहीत आधी.

रेवा_आइंडहोवन

नेदरलँड्समधून. इथे मॅलिनॉइसचं माहेरघरच जवळ आहे, बेल्जियममधलं मेखेलेन दीड-दोन तासांवर. बेल्जियमच्याच गेंट शहरात १८९९ मध्ये रीतसर पोलीस श्वानपथक सुरू झालं.

मला गंमत वाटली ती इथल्या केएनपीव्ही या संस्थेची. १९०७ पासून आहे. साधी माणसं, सुतार, शेतकरी, ट्रकचालक, छंद म्हणून पोलिसी पद्धतीनं कुत्री तयार करतात, परीक्षा देतात, आणि पास झालेली कुत्री पोलिसांना, सैन्याला, परदेशातसुद्धा विकली जातात. आमच्या शेजारच्या गावात असं मैदान आहे, मी नवऱ्याबरोबर बघायला गेले होते. एक माणूस जाड सूट घालून सायकलवरून पळतो. कुत्रं सोडतात. चार झेपांत ते त्याच्या बाजूला, आणि पुढच्या क्षणी माणूस, सायकल आणि कुत्रं तिन्ही गवतात. मग मालकानं एक शब्द उच्चारला आणि कुत्र्यानं दंड सोडला. नजर मात्र सोडली नाही. दात लागणं सोपं असेल, पण असं सुटणं शिकवायला काय लागत असेल!

आणि मुद्दा असा की यातल्या कितीतरी कुत्र्यांना वंशावळीचे कागद नसतात. मॅलिनॉइस, डच शेफर्ड, क्वचित आणखी काही, सगळं मिसळलेलं. जात शुद्ध आहे का, हे कुणी विचारत नाही. आईबाप परीक्षेत कसे होते ते विचारतात.

पशुवैद्य_वऱ्हाड

रेवाताईंच्या पोस्टला जोडून, तब्येतीच्या बाजूनं.

शेफर्ड मागे आणि मॅलिनॉइस पुढे का गेला, याचं अर्धं उत्तर कमरेत आहे. शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष फार. प्रशिक्षणावर एवढा खर्च केलेलं कुत्रं पाच-सहा वर्षांत मागच्या पायांनी लंगडायला लागलं तर खात्याला परवडत नाही. पोटात वायू धरून जठराला पीळ पडण्याचा धोकाही मोठ्या छातीच्या कुत्र्यांना असतो. वजनाचं बघा, शेफर्ड नर ३० ते ४० किलो, मॅलिनॉइस २५ ते ३०. भिंतीवरून उचलून टाकायचं असेल, हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरताना अंगाला बांधायचं असेल तर ते दहा किलो जाणवतात. डॉबरमनमध्ये हृदयाचे स्नायू सैल पडण्याचा आजार इतका आढळतो की वरून धट्टंकट्टं दिसणारं कुत्रं एके दिवशी अचानक कोसळतं. लॅब लठ्ठ होतात, आणि काही वंशांत जोराच्या श्रमानंतर मागचे पाय लुळे पडण्याचा आनुवंशिक दोष असतो.

पण आपल्याकडे खरा शत्रू ऊन. कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. आणि धापा टाकताना तोंडानं श्वास चालू असतो, म्हणजे हुंगणं बंद. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यावर दुपारी एक वाजता जगातलं सर्वोत्तम नाक घेऊन गेलात तरी ते नाक चालूच नाही. अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर गेलं तर जिवावर बेततं. म्हणून पहाटेचं काम, वीस-पंचवीस मिनिटं शोध, मग सावली आणि पाणी. इथे कारवान खरंच उजवा आहे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, खोल छाती. हे श्रेय त्याला द्यायला हवं.

भीमथडी

बघा! शेवटी आलात ना वळणावर.

तिठा

वळणावर नाही, उन्हात आलो. डॉक्टरसाहेब, पण दृष्टीवर शिकार करणारं कुत्रं नाकाच्या कामाला कितपत चालेल?

हुर्डा

याचं उत्तर मी देतो. २०२४ ची लखनौची अखिल भारतीय पोलीस ड्युटी मीट. बीएसएफची ‘रिया’ नावाची मुधोळ मादी ट्रॅकर ट्रेडमध्ये पहिली आली आणि संपूर्ण स्पर्धेतली सर्वोत्तम श्वान ठरली. समोर ११६ परदेशी जातीची कुत्री होती. बीएसएफच्या टेकनपूरच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात मुधोळ आणि रामपूर हाउंड दोन्हींना तयार करतात. ट्रॅकर ट्रेड म्हणजे नाकाचंच काम ना?

आणि ३० ऑगस्ट २०२० च्या ‘मन की बात’मध्ये देशी जाती पाळा म्हणून पंतप्रधान बोलले, त्याच कार्यक्रमात आमच्या शेजारच्या बीडच्या पोलीस श्वान रॉकीचा उल्लेख झाला होता. मराठवाड्याचं नाव घेतलं की मी थांबत नाही.

जमादारकाका

रियाचं मनापासून कौतुक. ज्यानं तिला तयार केलं त्याच्या चिकाटीचं त्याहून जास्त, कारण रुसणाऱ्या कुत्र्याकडून माग काढून घेणं म्हणजे काय ते हुर्डा यांनीच वर लिहिलंय.

पण रिया ही रिया आहे. खात्याला एक कुत्रं नाही, दरवर्षी शेकड्यानं पिल्लं लागतात, आणि दर विणीत दोन-तीन तरी चालणारी निघावी लागतात. शेफर्ड आणि मॅलिनॉइसमध्ये शंभर-सव्वाशे वर्षं माणसाचं ऐकणाऱ्यालाच पुढे पिल्लं होऊ दिली. कारवानमध्ये शेकडो वर्षं जो वेगानं धावला, एकट्यानं निर्णय घेतला, त्याला जपलं. त्यात त्याचा दोष नाही, आपण मागितलं ते त्यानं दिलं. आता नाक आणि ऐकणं मागायचं असेल तर रियासारख्या मादीची पिल्लं, त्यांची पिल्लं, अशी निवड करत जावं लागेल. दहा-पंधरा वर्षं, न कंटाळता. देशाभिमान असेल तर त्याला पैसा आणि वेळ द्या, फॉरवर्ड नको.

भीमथडी

हे मान्य. प्रजननाला पैसा द्या, एवढंच माझंही म्हणणं होतं.

मिश्कीलराव

भीमथडी यांनी मान्य केलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

रानवेडा

लष्कराचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मी सैन्यात होतो, श्वान युनिटमध्ये नव्हे, पण त्यांच्या मागे चाललोय.

काश्मीरमध्ये घरात शिरायचं काम आता मुख्यतः मॅलिनॉइसकडे. जुलै २०२२ मध्ये बारामुल्लात ॲक्सल गेला, खोल्या तपासताना गोळी लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनंतनागला झूमला दोन गोळ्या लागल्या, तरी तो लढत राहिला, श्रीनगरच्या लष्करी पशुरुग्णालयात १३ तारखेला गेला. ऑक्टोबर २०२४ मध्ये अखनूरकडे फँटम. तिघेही मॅलिनॉइस. आयटीबीपीनं नक्षल भागात हीच जात नेली.

पण लॅब म्हणजे स्टेशनवर बॅगा हुंगणारं गरीब कुत्रं, असं वरच्या चर्चेवरून वाटेल, ते बरोबर नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीत पळालेल्या दहशतवाद्यांच्या मागावर तुकडीच्या पुढे होती ती केंट, सहा वर्षांची लॅब्रॅडॉर मादी. गोळीबारात हँडलरच्या आड येऊन गेली. २०१५ मध्ये तंगधारला मानसी, तीही लॅब, तिच्या हँडलरसह गेली. माग काढणारं कुत्रं सगळ्यांच्या पुढे असतं, त्याला जात विचारून गोळी येत नाही.

आणि तुर्कस्तानच्या भूकंपात फेब्रुवारी २०२३ मध्ये एनडीआरएफच्या ज्युलीनं ढिगाऱ्याखालची सहा वर्षांची मुलगी दाखवून दिली. ती लॅब. तिथे शेवटी पथकातल्या रोमिओ या दुसऱ्या कुत्र्यानंही हुंगून खात्री केली, मगच खणायला घेतलं.

सीआरपीएफच्या रोलोचं वाचून मात्र वाईट वाटलं होतं. एप्रिल २०२५, छत्तीसगड-तेलंगण सीमेवरच्या कर्रेगुट्टाच्या डोंगरात नक्षलविरोधी शोधमोहीम चालू असताना मधमाश्यांनी हल्ला केला. जवळजवळ दोनशे डंख. हँडलरनी प्लास्टिकच्या कागदाखाली झाकायचा प्रयत्न केला, ती घाबरून बाहेर निघाली. दोन वर्षांची होती. याला कुठलं प्रशिक्षण देणार?

बावधनकर

खूप माहितीपूर्ण धागा. सर्वांचे आभार. माझा प्रश्न थोडा अवांतर. आमचा बावधनला टू बीएचके आहे, दोघेही नोकरी करतो. धागा वाचून मॅलिनॉइस घ्यावा असं वाटतंय. एका ब्रीडरनं पिल्लाचा फोटो पाठवलाय. कसा राहील?

पशुवैद्य_वऱ्हाड

नको.

रेवा_आइंडहोवन

नको हो! इथे अर्धा एकर अंगण असलेले लोक परत देतात.

हुर्डा

टू बीएचकेत मॅलिनॉइस म्हणजे शिट्टी नसलेला कुकर. नको.

बावधनकर

अहो, सगळे एकदम? ब्रीडर म्हणाला फार हुशार असतो.

जमादारकाका

हुशार असतो म्हणूनच नको. त्याला काम लागतं. दिवसातून दोन वेळा दमेपर्यंत पळवायचं, तासभर डोक्याचं काम द्यायचं, आणि हे दहा-बारा वर्षं. नाही दिलंत तर ते स्वतः काम शोधून काढतं. सोफ्याचं पोट फाडणं हे काम. दाराची चौकट कुरतडणं हे काम. खालून जाणारा डिलिव्हरीवाला हे तर आवडतं काम. त्या जातीत चावणं हा राग नसतो, आनंद असतो, आणि हेच घरच्यांना समजत नाही. आमच्याकडेही प्रत्येक हँडलरला मॅलिनॉइस देत नाहीत.

बावधनकर

बरं, रद्द. मग निवृत्त झालेलं पोलीस किंवा लष्करी कुत्रं मिळतं का? तसं ऐकलं होतं.

रानवेडा

मिळतं. पूर्वी लष्करात निवृत्तीनंतर त्यांना मरण द्यायचे. २०१५ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, गदारोळ झाला आणि धोरण बदललं. आता मेरठहून दत्तक देतात. पण अर्ज, घराची माहिती, हमीपत्र, सगळं रीतसर.

जमादारकाका

पोलिसांकडे बहुतेक ठिकाणी आधी हँडलरलाच विचारतात, तो नाही म्हणाला तर संस्था किंवा बाहेरचं घर. साधारण आठ-दहा वर्षांचं असतं तेव्हा. सांधे दुखत असतात, दात झिजलेले असतात, औषधाचा खर्च धरून चाला. स्निफर लॅब मिळाला तर तुमच्या फ्लॅटला चालेल. लिफ्ट आहे ना? आणि एक करा, घरात टेनिसचा चेंडू कपाटात ठेवू नका. तो कपाटासमोर बसून राहील आणि तुम्ही चेंडू देईपर्यंत जेवणार नाही.

बावधनकर

लिफ्ट आहे. बायकोला विचारून सांगतो.